पिकअपचा रीमॅप: इंजिनाची फाइल आणि गिअरबॉक्सची फाइल एकत्रच बघा

वंगण:

टर्बो डिझेल पिकअपचा रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलणं, करावा का, हा प्रश्न इथे सारखा येतो. उत्तरं दोनच प्रकारची असतात: "कर बिनधास्त, गाडी उडते" आणि "नको, इंजिन बसेल". गिअरबॉक्सचं नाव कुणी काढत नाही. ऑटोमॅटिक पिकअपमध्ये खरी मेख तिथेच आहे, म्हणून हा धागा काढतोय. माझं कामच कॅलिब्रेशनचं, म्हणजे या फाइलींमधले आकडे बसवण्याचं आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी इंजिन. आजच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तुम्ही डिझेल मागत नसता, टॉर्क मागत असता. पेडल किती दाबलंय आणि आरपीएम किती आहे, यावरून इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) चालकाची मागणी न्यूटन-मीटरमध्ये ठरवतो. मग त्या मागणीला कात्री लागत जाते. हवा किती आहे त्यानुसार धुराची मर्यादा, गिअरनुसार टॉर्कची मर्यादा, पाणी किंवा एक्झॉस्ट तापलं असेल तर त्याची मर्यादा. यातला सर्वांत लहान आकडा चालतो. तो मिलिग्रॅम डिझेलमध्ये बदलला जातो आणि त्यावरून रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब), इंजेक्शन कधी सुरू करायचं, इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, टर्बोकडून किती बूस्ट (हवेचा जादा दाब) घ्यायचा हे सगळं ठरतं. म्हणून फक्त एक टेबल वाढवलं तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. पुढची मर्यादा तसाच आकडा खाली आणते. आणि सगळ्या मर्यादा काढून टाकल्या तर इंजिनाचा रखवालदारच घरी पाठवल्यासारखं होतं.

आता एक हिशोब करू, कारण "अजून किती वाढवता येईल" याचं उत्तर हवेत दडलेलं असतं. चार सिलिंडरचं २.८ लिटर डिझेल घ्या, म्हणजे एका सिलिंडरला ०.७ लिटर. बूस्ट १.४ बार, म्हणजे वातावरणाचा दाब धरून २.४ बार. इंटरकूलरमधून निघालेली हवा ५० अंशांवर असेल तर तिची घनता लिटरला साधारण २.६ ग्रॅम. सिलिंडर ९० टक्के भरतो असं धरलं तर प्रत्येक खेपेला सुमारे १,६४० मिलिग्रॅम हवा आत जाते. हवा आणि डिझेल यांचं प्रमाण १८ ला १ ठेवलं, तर ९१ मिलिग्रॅम डिझेल देता येतं. डिझेलच्या एका ग्रॅममध्ये ४२.८ किलोज्यूल ऊर्जा असते. त्यातली ४० टक्के क्रँकवर पोचते असं धरून चार सिलिंडरचा हिशोब केला की ५०० न्यूटन-मीटरच्या अगदी जवळ येतो.

आता त्याच हवेत ९१ ऐवजी १०५ मिलिग्रॅम डिझेल द्या. प्रमाण १५.६ वर येतं. डिझेल पूर्ण जळायला १४.५ पट हवा लागते, म्हणजे कागदावर हवा अजूनही थोडी जास्तच आहे. पण डिझेल इंजिनात हवा-इंधन नीट मिसळायला वेळ नसतो, त्यामुळे इथे काळा धूर सुरू होतो आणि एक्झॉस्टचं तापमान झपाट्याने चढतं. जास्तीच्या डिझेलमागे टॉर्क त्या मानाने फारसा वाढत नाही. काळा धूर म्हणजे ताकद असं मानणाऱ्यांनी हे आकडे एकदा स्वतः मांडून बघावेत.

आता गिअरबॉक्स. टीसीयूला, म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला, क्रँकवरचा टॉर्क मोजता येत नाही, तिथे तसा सेन्सरच नसतो. इसीयू कॅन बसवर (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी वायर) जो आकडा पाठवतो, त्यावर तो विश्वास ठेवतो. त्या आकड्यावरून तेलाचा दाब ठरतो, आणि त्या दाबावर क्लच प्लेटा किती घट्ट धरायच्या हे ठरतं. गरजेपेक्षा जास्त दाब ठेवला तर गिअर पडताना झटका बसतो आणि पंपाला उगाच काम होतं, म्हणून कंपन्या टॉर्कच्या आकड्यावर थोडी जास्तीची जागा ठेवून तेवढाच दाब देतात.

गिअरबॉक्सवर किती अवलंबून असतं याचं उदाहरण टोयोटा हायलक्समध्येच आहे. तेच २.८ लिटर इंजिन, २०४ पीएस, पण मॅन्युअलला ४२० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकला ५००. इंजिन दोन्हीकडे ५०० द्यायला समर्थ आहे. गिअरबॉक्सप्रमाणे मर्यादा ठरवलेली आहे.

मला या धाग्यात एकच गोष्ट ठासून सांगायची आहे: टीसीयूला खरा टॉर्क कळला पाहिजे. ताकद वाढवायचे दोन मार्ग आहेत. एकात टॉर्कच्या मर्यादा आणि टॉर्कचं मॉडेल दोन्ही नीट वाढवतात, म्हणजे इंजिन ५०० देत असेल तर कॅनवर ५००च जातात. दुसऱ्यात टॉर्कचा आकडा तसाच ठेवून त्याच आकड्यामागे जास्त डिझेल घुसवतात. इंजिन ५०० देतंय आणि टीसीयू ४२० समजून दाब देतोय. जास्तीची जागा असते म्हणून सुरुवातीला गाडी मस्त चालते, सगळे खूश. प्लेटा घसरू लागतात त्या नंतर, आणि तोपर्यंत फाइल करणारा मोकळा झालेला असतो.

रानवाट:

दादा, उत्तम धागा. वाचनखूण साठवली. माझ्या गाडीला ट्यूनिंग बॉक्स आहे, रेल प्रेशर सेन्सरच्या सॉकेटमध्ये बसतो तो. विकणाऱ्याने सांगितलं की इसीयूला हातच लागत नाही, त्यामुळे सुरक्षित. काढला की गाडी मूळ स्थितीत. हे कितपत खरं?

वंगण:

काढला की मूळ स्थितीत, हे खरं. सुरक्षित, हे नाही.

तो बॉक्स इसीयूला रेल प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. इसीयूला वाटतं दाब पडलाय, म्हणून तो पंपाकडून दाब वाढवून घेतो. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो, पण दाब जास्त म्हणून डिझेल जास्त जातं. साधारणपणे दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात: १,६०० बारचे १,९०० झाले तर डिझेल सुमारे ९ टक्के वाढतं. इसीयूच्या वहीत मात्र जुनाच मिलिग्रॅमचा आकडा लिहिलेला असतो. मग धुराची मर्यादा, एक्झॉस्ट तापमानाचा अंदाज, कॅनवरचा टॉर्क, सगळंच चुकीच्या आकड्यावर चालतं. वर पंप आणि इंजेक्टर ज्या दाबावर कधी चालवायचे नव्हते त्या दाबावर चालतात, आणि ते तुमच्या स्कॅनरवर दिसतही नाही, कारण स्कॅनरला तोच खोटा आकडा मिळतो.

मॅन्युअल गाडीत यातलं अर्धं दुखणं क्लच प्लेटवर निभावतं. ऑटोमॅटिकला मी हा बॉक्स कधीच लावणार नाही.

भारवाहक:

मी कायम माल भरून आणि बऱ्याचदा ट्रेलर जोडून चालवतो, त्यामुळे थोडं वेगळं मत मांडतो. मला इंजिनाची ताकद कधी कमी पडली नाही. त्रास व्हायचा तो गिअरबॉक्सचा. चढावर चौथा-पाचवा, चौथा-पाचवा असा खेळ, आणि टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्समधली तेलाची जोडणी) लॉकअप, म्हणजे ती घट्ट धरणारा क्लच, सारखा सुटायचा. लॉकअप सुटला की इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये फक्त तेल उरतं, आणि तेल तापतं. मी फक्त टीसीयूची फाइल करून घेतली. लॉकअप लवकर लागतो, उशिरा सुटतो, वरचा गिअर पडायला घाई करत नाही. टॉर्क एक न्यूटन-मीटरही वाढवला नाही. एटीएफचं (गिअरबॉक्सच्या तेलाचं) तापमान त्याच चढावर स्पष्टपणे खाली आलं आणि गाडी चालवायला दुसरीच वाटते. माझं म्हणणं, ओझं वाहणाऱ्याने आधी टीसीयू बघावा, इंजिन नंतर. नाही केलं तरी चालेल.

वंगण:

भाऊ, ओझ्याच्या गाडीला तुमचा क्रम बरोबर आहे आणि मीही तेच सुचवतो. फक्त एक गोष्ट जपा. लॉकअप फार खाली, १,२०० आरपीएमच्या आसपास, पूर्ण लावून वर पेडल दाबलं तर डिझेलचा प्रत्येक ठोका थेट गिअरबॉक्समध्ये जातो. गाडी गुरगुरते. कंपन्या तिथे मुद्दाम थोडी घसरण ठेवतात, २० ते ५० आरपीएमची, ठोके पचवायला. ती घसरण दोष नाही, ती तशीच राहू द्या. लॉकअप पक्का करायचा तो जरा वरच्या आरपीएमला आणि ओझ्याखाली.

दुसरं, इंजिनाचा टॉर्क वाढवला असेल तर लॉकअपचा दाबही वाढवावा लागतो. टॉर्क वाढवून लॉकअप आहे तसा सोडणं, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक.

लांब चढावर मालासकट टर्बोच्या आधीचं एक्झॉस्ट तापमान सतत ७०० ते ७५० अंशांच्या वर राहू नये, हा माझा नियम. फाइल करणाऱ्याने रिकाम्या गाडीवर दोन झटके मारून "सगळं ओके" म्हटलं तर ओझ्याच्या गाडीसाठी त्याला काही अर्थ नाही. रिकाम्या गाडीत पूर्ण टॉर्क काही सेकंदच लागतो. ट्रेलर ओढताना तो कितीतरी मिनिटं लागतो.

वीजवाहिनी:

फ्लॅश करण्याबद्दल, म्हणजे कंट्रोलरमध्ये फाइल लिहिण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सर्वांत आधी मूळ फाइल वाचून घ्या आणि स्वतःकडे जपून ठेवा. इसीयूची वेगळी, टीसीयूची वेगळी. काही कंट्रोलरमधून फाइल वाचता येत नाही, फक्त लिहिता येते. तिथे कॅलिब्रेशन क्रमांक (फाइलीची आवृत्ती सांगणारा) नोंदवून त्याच क्रमांकाची मूळ फाइल हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्रमांकात एका अक्षराचा फरक असला तरी टेबलांच्या जागा बदललेल्या असू शकतात.

फ्लॅश करताना बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय लावा, साधा चार्जर नको. इग्निशन चालू, इंजिन बंद, त्यात पंखे फिरतात, बॅटरी खाली येते, मध्येच लिहिणं तुटलं तर कंट्रोलर काढून टेबलावर उघडायची वेळ येते. दिवे, एसी, स्टिरिओ सगळं बंद. लॅपटॉप झोपू नये अशी सेटिंग करा, हे साधं वाटतं पण खूप जण विसरतात. फाइलचा चेकसम (फाइल बिघडलेली नाही हे तपासणारा आकडा) बरोबर नसेल तर काही कंट्रोलर गाडी सुरूच होऊ देत नाहीत.

आणि सर्व्हिसला देताना लक्षात ठेवा, कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की तुमची फाइल पुसली जाते. फक्त एकाचंच अपडेट झालं तर आणखी वाईट: इंजिन नवीन, गिअरबॉक्स जुना, किंवा उलट. दोन्हींची जोडी तुटली की वंगणदादा वर म्हणतायत तोच घोळ होतो.

वंगण:

ताई, शेवटचा मुद्दा लाखाचा. सर्व्हिसहून गाडी आली की दोन्ही कॅलिब्रेशन क्रमांक तपासायची सवयच लावून घ्यावी.

ऑक्टेन:

पेट्रोल टर्बोवाल्यांसाठी थोडी भर. आमच्याकडे धुराऐवजी नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके) ही मर्यादा असते. जास्त बूस्ट, गरम हवा, कमी ऑक्टेन, यातलं काहीही झालं की इसीयू स्पार्क मागे घेतो, म्हणजे उशिरा देतो. त्यामुळे लॉगमध्ये (चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद) बूस्टपेक्षा प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन करेक्शन आधी बघा. ते सतत मागे जात असेल तर फाइल त्या इंधनासाठी नाही.

दुसरं, १,५०० ते २,००० आरपीएमला भरमसाट टॉर्क मागायचा नाही. थेट इंजेक्शनच्या लहान टर्बो इंजिनात कमी वेगाला, जास्त दाबाला स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. एकच ठोका पिस्टनची कड तोडायला पुरतो. स्पार्क मागे घेऊनही तो थांबत नाही, कारण तो स्पार्कमुळे झालेलाच नसतो. शोरूमच्या बाहेर पडताच "खालचा टॉर्क" मागणाऱ्यांनी हे वाचावं.

गिअर बदलताना टीसीयू इंजिनाला क्षणभर टॉर्क कमी करायला सांगतो. पेट्रोलमध्ये ते स्पार्क मागे घेऊन होतं, डिझेलमध्ये इंधन कमी करून. काही फाइलींमध्ये "गाडी जास्त चपळ वाटावी" म्हणून ही विनंती धुडकावलेली असते. गिअर पडताना जोरदार धक्का बसतो, मालकाला वाटतं स्पोर्टी झाली. ती सगळी ऊर्जा प्लेटांनी गिळलेली असते.

नवशिका:

डीपीएफ (काजळीचा फिल्टर) आणि ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) काढून टाकले तर इंजिन मोकळं होतं, मायलेज वाढतं असं सगळीकडे ऐकलं. ते या फाइलीबरोबरच करून घ्यावं का?

वंगण:

नाही. आणि हे फक्त कायद्यामुळे म्हणत नाहीये, जरी रस्त्यावरच्या गाडीवर ते बेकायदेशीर आहेच.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०२० मध्ये अंदाज मांडला होता की आधीच्या साधारण दहा वर्षांत तिथल्या ५,५०,००० हून जास्त डिझेल पिकअपची उत्सर्जन नियंत्रणं काढली गेली. त्या सगळ्याचा धूर कुणीतरी श्वासात घेतलाच. मागच्या दुचाकीवर लहान मूल बसलेलं असतं.

तांत्रिक बाजूही ऐका. डीपीएफ असलेल्या गाडीत फाइल चुकली तर ती लपत नाही. काजळी जास्त झाली की रीजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळणं) वारंवार होतं. त्यासाठी फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापवावा लागतो, उशिरा टाकलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं आणि तेलाची पातळी वर चढते. म्हणजे दोन रीजनरेशनमधलं अंतर हा तुमच्या फाइलीचा प्रगतिपुस्तकातला शेरा आहे. रीमॅपनंतर ते अंतर कमी झालं तर धुराची मर्यादा ओलांडली गेली आहे, फाइल परत पाठवा. डीपीएफ काढणारा हा शेराच फाडून टाकतो.

रानवाट:

दादा, बॉक्स लावलेला असताना चढावर लॉग घेतला. चौथा गिअर, ज्याचं गुणोत्तर १.०० आहे. पेडल जवळपास पूर्ण, लॉकअप "पूर्ण लागलेला" असं दाखवतोय. इंजिन २,४३० आरपीएम, टर्बाइन (टॉर्क कन्व्हर्टरची गिअरबॉक्सकडची बाजू) २,२५०, आउटपुट २,२५०. एटीएफ चढत चढत ११२ अंशांवर गेलं. यात काही वाईट आहे का?

वंगण:

आहे. पण लॉग अगदी कामाचा घेतलात.

टर्बाइन आणि आउटपुट दोन्ही २,२५०, गुणोत्तर १.००. म्हणजे गिअरचे क्लच घसरत नाहीयेत. ही चांगली बातमी. इंजिन आणि टर्बाइनमध्ये मात्र १८० आरपीएमचा फरक आहे, आणि तोही टीसीयूने लॉकअप पूर्ण लावलेला असताना. म्हणजे लॉकअपची प्लेट घासतेय. टॉर्क ४५० न्यूटन-मीटर धरला तर १८० आरपीएमच्या घसरणीत साडेआठ किलोवॅट उष्णता तयार होते, सगळी तेलात. तापमान का चढलं ते कळलं.

आता बॉक्स काढा आणि तोच चढ, तेवढाच माल, शक्यतो तशीच हवा असताना पुन्हा लॉग घ्या. याच पाच गोष्टी: इंजिन, टर्बाइन, आउटपुट, एटीएफ तापमान आणि इसीयूने कळवलेला टॉर्क.

भारवाहक:

रानवाट, तोपर्यंत ट्रेलर जोडू नका. ११२ ला मी गाडी बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवतो, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहतं.

चाकोरी:

थोडं अवांतर. मी २६५/६५ आर१७ चे टायर काढून २८५/७० आर१७ टाकलेत. तेव्हापासून गिअर उशिरा पडल्यासारखे वाटतात. टीसीयूचा संबंध असेल का?

वीजवाहिनी:

असेल. व्यास ७७६ मिमीवरून ८३१ मिमीवर गेला, म्हणजे सुमारे ७ टक्के. गाडीला वाटणारा वेग खऱ्यापेक्षा कमी आहे, त्यामुळे वेगावर ठरलेले गिअर उशिरा पडतात. शिवाय प्रत्येक गिअर ७ टक्के लांब झाल्यासारखा होतो, म्हणून चढावर दम लागतो. टायरचा परीघ सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करून घ्या, आधी तेच. त्यानंतर रीमॅपचा विचार.

रानवाट:

बॉक्स काढून लॉग घेतला. तोच चढ, तेवढाच माल. इंजिन २,२८०, टर्बाइन २,२५०, आउटपुट २,२५०. एटीएफ ९६ च्या वर गेलं नाही. कळवलेला टॉर्क दोन्ही लॉगमध्ये जवळपास सारखाच दिसतो.

वंगण:

शेवटच्या ओळीत सगळं आलं. टॉर्क सारखा कळवला जात होता आणि खरा टॉर्क वेगळा होता. ३० आरपीएमची घसरण ही नियंत्रित घसरण आहे, तिची काळजी नको. प्लेट अजून धरते आहे, वेळेत सापडलं.

आता एटीएफ बदला. तेल किती भरायचं ते डिपस्टिकच्या अंदाजाने नाही, कंपनीने सांगितलेल्या तापमानाला लेव्हल प्लगमधून बघून. काढलेल्या तेलाचा वास घ्या आणि पॅनमधल्या चुंबकावर काय आहे त्याचा फोटो टाका. राखाडी बारीक चिखल चालतो, चमकणारे कण किंवा प्लेटचे तुकडे चालत नाहीत. मग टीसीयूचं अ‍ॅडाप्टेशन रीसेट करा, कारण खोट्या टॉर्कवर त्याने चुकीचे दाब शिकून ठेवले असतील. रीसेटनंतर तेल ७०-८० अंशांवर आलं की हलक्या पेडलवर पहिल्यापासून शेवटच्या गिअरपर्यंत शांतपणे नेत राहा, थांबून पुन्हा तसंच. सुरुवातीला गिअर थोडे ओबडधोबड पडतील, मग बसत जातील.

ते झाल्यावर इंजिनाचा रीमॅप हवाच असेल तर इसीयू आणि टीसीयूची फाइल एकाच माणसाकडून, एकाच दिवशी करा. आणि त्याला आजचा हा दुसरा लॉग आधी दाखवा.